चिमीची धाव

सरका, अशा जवळ सरका. बुवांना यायला अजून अवकाश आहे आणि तबलाही सुरात लागायचाय. तेवढ्यात एक गोष्ट सांगते. देवादिकांची नाही, माझीच आहे, तेव्हा तिच्यात चमत्कार शोधू नका. फक्त मधेच उठू नका. चालत्या कीर्तनातून उठायचं नसतं, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. तरी मी एकदा उठले होते. त्याचीच ही गोष्ट.

सोमवार होता, सकाळचे साडेदहा. आम्ही चौघं एका पडद्यासमोर उभे होतो आणि पडद्यावरची मुलगी घसरत होती.

"परत," कौस्तुभ सर म्हणाले.

मी परत चालवून दाखवलं. मुलगी चालू लागली, वेग वाढला, आणि ती परत घसरली.

नाशकात गंगापूर रोडला, चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. संगणकावरच्या खेळांमधली माणसं आम्ही हलवायचो. खेळ परदेशातली एक कंपनी रचायची. त्यातल्या माणसांचं चालणं, चढणं, पडणं आमच्याकडे यायचं. या खेळात डोंगरातल्या वस्त्यांवर पत्रं पोचवणारी एक मुलगी होती. तिचं खरं नाव काहीतरी इंग्रजी होतं, आम्ही तिला चिमी म्हणायचो. खेळणाऱ्याने जॉयस्टिक हलकेच पुढे ढकलली की चिमी चालायची, जोरात ढकलली की धावायची. तिची चाल त्या कंपनीनेच तयार पाठवली होती. धाव धामणकर काकांनी रचली होती. आणि चालीतून धावेत तिला अलगद घेऊन जाणं हे माझं काम. मधल्या वेगाला थोडी चाल, थोडी धाव मिसळायची, असा प्रोग्रॅम मी लिहिला होता.

चालताना चिमी सुरेख दिसायची. धावताना तर वेणी मागे उडायची, बघत राहावंसं वाटायचं. पण चालण्याचं धावणं होताना मधे तिचे दोन्ही पाय एकमेकांना चिकटायचे आणि ती उभ्या उभ्या पुढे सरकायची. शेवाळलेल्या घाटावर पाय सुटावा तशी.

"शुक्रवारी अकराला ते लोक बघणार आहेत," शेफाली म्हणाली. त्या कंपनीशी बोलणं तिच्याकडे असायचं. "हेच परत दाखवायचं त्यांना? लोक म्हणतील, पोरीला चाकं लावलीत."

"दोष कुठे आहे?" सरांनी विचारलं. "मला फक्त एवढं सांगा."

मी म्हणाले, "माझा प्रोग्रॅम बरोबर आहे सर. इंटरनेटवरून घेतलेली एक चाल आणि एक धाव घालून बघितलीय मी. लोण्यासारखी मिसळतात. काकांच्या धावेतच काहीतरी आहे."

सर काकांकडे वळले. "काका?"

त्र्यंबक धामणकर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. चाळीस वर्षं चित्रं हलवण्यात गेलेली, त्यातली पहिली पस्तीस नुसत्या हाताने. जाहिरातींसाठी, छोट्या चित्रपटांसाठी एकेका पावलाचे पंधरा-पंधरा कागद काढायचे. ते जग बंद पडलं तेव्हा त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी माउस हातात धरला. तरी आधी कागद, मग संगणक, हा क्रम त्यांनी सोडला नाही. मला या ऑफिसात त्यांनीच आणलं होतं. आमची ओळख देवळातली. ते बुवांच्या मागे टाळ धरायचे, धृपद उचलायचे. मी पुढच्या सतरंजीवर बसायची.

काका माझ्याकडे बघून हसले. "वृंदा म्हणतेय तर असेल. तिचं गणित पक्कं आहे. मी परत काढतो."

"शुक्रवारपर्यंत, काका," सर म्हणाले. आवाज चढा नव्हता. "नाही जमलं तर विकतची धाव लावू. आणि एकदा विकतच्या हालचाली लावायला लागलो की तुम्हाला इथे काय काम उरतं, तुम्हीच सांगा."

"खरंय," काका म्हणाले.

मंगळवारी काका ऑफिसबाहेरच्या बोळात स्वतः धावत होते. पँट घोट्यापर्यंत दुमडलेली, चष्मा खिशात. दहा पावलं धावायचे, थांबायचे, भिंतीला कागद टेकवून एक पाय काढायचे, परत धावायचे.

"काका, खालचे चष्मेवाले विचारतायत, वर घोडा पाळलाय का म्हणून," शेफाली दारातून म्हणाली.

"सांग त्यांना, म्हातारा घोडा आहे. डोळेही तपासून द्या म्हणावं."

शेफाली हसली. काकांना धाप लागलेली मला ऐकू येत होती. संध्याकाळी नवी धाव संगणकात चढली. मी ती प्रोग्रॅमला जोडली. चिमी चालली, चालली आणि घसरली. आधीसारखीच. मधल्या वेगाला आता गुडघेही एकमेकांवर आपटल्यासारखे दिसत होते.

"पाऊल लांब पडतंय का माझं?" काकांनी विचारलं.

"असेल," मी म्हणाले.

बुधवारी त्यांनी पाऊल आखूड केलं. अर्धी धाव संध्याकाळपर्यंत झाली. दुपारच्या चहाला ते माझ्याजवळ येऊन बसले. पेन्सिलींचा पत्र्याचा डबा मांडीवर होता.

"वृंदे, काल आरतीला देवापुढे एक बोललो."

"काय?"

"उद्याच्या आरतीपर्यंत चिमी धावली तर ठीक. नाही धावली तर हा डबा त्याच्या पायाशी ठेवायचा. पेन्सिल सोडायची."

"काका, असलं काही बोलून बसतात का? नोकरी गेली तर गेली. घरी बसून काढा ना चित्रं. नातवंडांना काढून द्या."

"आणि वाकडी काढू? अगं, हात गेला की माणसाला स्वतःला कळत नाही. गवयाला आपला सूर उतरल्याचं कळत नाही, तसंच. दुसऱ्याने सांगावं लागतं. आणि दुसरे भिडेने सांगत नाहीत." त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, मिटलं. "तू सांगितलंस. बरं झालं. आपलं माणूस म्हणून सांगितलंस."

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी देवापुढे बसले आणि काकांसाठी अकरा माळा जप केला. मन लावून केला. प्रोग्रॅम मात्र परत उघडून बघितला नाही. तो लोण्यासारखा मिसळत होता ना!

गुरुवारी साडेतीन वाजता तिसरी धाव जोडली. सर मागे उभे होते. चिमी घसरली.

सरांनी एक उसासा सोडला. "शेफाली, विकतच्या धावा कुठे मिळतात ते बघून ठेव." आणि ते त्यांच्या खोलीत गेले.

काकांनी टेबल आवरलं. तिन्ही धावांचे कागद तीन गठ्ठ्यांत लावले, रबराची धूळ हाताने गोळा करून टोपलीत टाकली. पेन्सिली एकेक बघून डब्यात ठेवल्या. मी बाजूला उभी होते.

"काका, उद्या सकाळपर्यंत वेळ आहे. परत एकदा..."

"चौथ्यांदा वेगळा हात कुठून आणू?" ते म्हणाले. "चल. पाचला कीर्तन आहे."

बालाजीचं देऊळ ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. सप्ताहाचा पाचवा दिवस होता. शिधयेबुवा उभे राहिले, मागे काका टाळ घेऊन बसले, डबा त्यांच्या मांडीशी. नेहमीचा तबलजी आजारी होता, म्हणून नाना नावाचे कुणी नवे तबल्यावर होते. मी पुढेच बसले होते, पण कानावर काही पडत नव्हतं. मी सारखी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. आरती सातला.

पूर्वरंग झाला. बुवांना हार घातला गेला, बुक्का लागला. उत्तररंगात बुवा सांगू लागले: भक्ताने हाक मारली आणि देव निघाला. बुवा स्वतः देव झाले. उपरणं सावरत, संथ लयीत इकडून तिकडे चालू लागले. "अरे, चालून कसं भागेल? माझं माणूस बुडतंय!" असं म्हणून त्यांनी धावायला पाय उचलला, आणि त्याच क्षणी नानांनी दुगुनीत उडी घेतली. बुवांचा पाय अडखळला. ते तोल सावरत खांबाला धरून उभे राहिले.

"अहो नाना, देव पाडलात की!"

देऊळभर हशा पिकला. नाना कानाची पाळी धरून म्हणाले, "लय तर बरोबर होती बुवा."

"लय तुमची बरोबर, पाय माझा बरोबर. पण माझा डावा हवेत आणि तुमची थाप उजव्यावर. देवाने टेकायचं कशावर? आधी माझा पाय कुठे आहे ते बघा, मग खुशाल पळा. हं, चला."

लोक अजून हसत होते. मी हसत नव्हते. सोमवारपासून एकदाही मी चिमीचा पाय बघितला नव्हता. चिमी घसरते हे बघितलं होतं. कुठला पाय पुढे आहे, हे नाही.

सव्वासहा झाले होते. मी उठले. शेजारच्या बाईंनी पदर ओढला, "अगो, चालत्या कीर्तनातून?" मी तशीच वाट काढत बाहेर पडले आणि ऑफिसपर्यंत पळाले.

ऑफिसात कुणी नव्हतं. काकांच्या टेबलावर ते तीन गठ्ठे होते. पहिला उचलला. वर कोपऱ्यात 'श्री' लिहिलेलं, आणि त्याखाली चिमी: उजवा पाय पुढे. दुसरा गठ्ठा. 'श्री', उजवा पाय पुढे. तिसराही तसाच. काका तीनदा नव्याने सुरुवात करत होते, पाऊल लांब करत होते, आखूड करत होते; पण आरंभाचं पाऊल उजवंच. शुभकार्याला आपण उंबऱ्यावरून कुठला पाय टाकतो? तो त्यांचा विचार नव्हता, हाताची सवय होती.

मग मी कंपनीची चाल पडद्यावर उघडली. पहिल्या चित्रात डावा पाय पुढे. इंटरनेटवरची माझी चाल: डावा. इंटरनेटवरची धाव: डावा.

माझा प्रोग्रॅम दोन्ही हालचाली एकदमच सुरू करायचा आणि त्यांचा मध्य काढायचा. चालीत डावा पुढे असे, त्या क्षणी काकांच्या धावेत तोच डावा मागे असे. पुढे आणि मागे यांचा मध्य म्हणजे मधोमध. उजव्याचंही तेच. पोरीचे पाय चिकटतील नाही तर काय होईल! कुणाचा पाय कुठे आहे हे बघूनच मिसळायचं असतं, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं. प्रोग्रॅम मी लिहिला होता.

धाव अर्ध्या आवर्तनापासून सुरू कर, एवढंच सांगायचं होतं. एक ओळ लागली. मी काकांची पहिली, सोमवारची धाव काढली आणि जोडली.

चिमी चालली. वेग वाढला. तिचा खांदा जरा पुढे झुकला, पाऊल लांबलं, टाच उचलली, आणि ती धावायला लागली. कधी लागली ते कळलंसुद्धा नाही. वेणी मागे उडत होती.

सात वाजायला चार मिनिटं होती.

देवळाच्या पायऱ्यांपाशी पोचले तेव्हा आरती सुरू झाली होती. घंटा, टाळ्या, झांजा, दोनशे माणसं. मी बायकांच्या रांगेत घुसले. काका पुढे, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी होते. हातात टाळ नव्हते. डबा दोन्ही हातांत धरला होता.

"काका!" मी ओरडले. "काका, थांबा!"

"हळू गं बाई, आरती चाललीय," कुणीतरी म्हणालं.

मी परत ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. काका वाकले. डबा उंबऱ्याच्या आत सरकवला, डोकं टेकवलं, आणि बराच वेळ उठले नाहीत.

प्रसाद वाटून झाला तेव्हा ते मागच्या ओट्यावर बसलेले सापडले. हातात शिऱ्याचा द्रोण होता. मी समोर उभी राहून सगळं एका दमात सांगितलं. डावा, उजवा, मध्य, एक ओळ. ते ऐकत होते. शिरा तसाच होता.

"म्हणजे माझी धाव बरोबर होती?"

"पहिल्या दिवसापासून."

"हात वाकडा नव्हता?"

"नाही काका. चूक माझी होती. मी बघितलंच नव्हतं. न बघता बोलले."

त्यांनी द्रोण खाली ठेवला. मी म्हणाले, "तुमची धाव बरोबर होती, म्हणजे तुमचा बोल तुम्हाला लागूच होत नाही. डबा परत घ्या. मी सांगते पुजाऱ्यांना."

"वकील झालीस," ते म्हणाले. पण हसले नाहीत. "देवापुढे ठेवलेलं उचलत नाहीत वृंदे. आणि तेही जाऊ दे. चाळीस वर्षांचा हात माझा. तू एक वाक्य बोललीस आणि चार दिवसांत मी त्याला सोडून दिलं. एकदाही म्हणालो नाही, की नाही गं, माझा हात नाही चुकायचा. आता कुठल्या तोंडाने परत मागू?"

मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात थरथरत नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

"रडू नकोस. एक कर," ते म्हणाले. "सोमवारी तू चौघांदेखत बोललीस ना, उद्या चौघांदेखतच सांग. धाव बरोबर होती म्हणून. मला नोकरी नको आता. तेवढं झालं की झालं."

"सांगते काका. देवाशपथ."

"शपथ कशाला? सांग म्हणजे झालं."

शुक्रवारी काका आले नाहीत. सकाळी सरांना मी एवढंच सांगितलं होतं, की काल संध्याकाळी जमलं. अकरा वाजता मोठ्या पडद्यावर परदेशातली पाच-सहा माणसं दिसू लागली. सरांनी चिमी सोडली. ती चालत निघाली, धावत डोंगर चढली, उतारावर परत चालू लागली. पलीकडे एका बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. कुणीतरी विचारलं, मागच्या वेळी पाय घसरत होते, ते कसं जमवलं?

सर इंग्रजीत म्हणाले, "आमच्या अॅनिमेटरच्या धावेत दोष होता. वृंदाने काल एका संध्याकाळीत तो काढला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेफालीने कोपराने ढोसलं, "बोल ना."

वाक्य माझ्याकडे तयार होतं. सकाळी येताना रस्त्यात मी ते तीन वेळा म्हटलं होतं. धावेत दोष नव्हता, दोष माझ्या प्रोग्रॅममध्ये होता. सोपं वाक्य. मी तोंड उघडलं. पडद्यावरचे सगळे हसून माझ्याकडे बघत होते, सरांच्या चेहऱ्यावर आठवडाभरात पहिल्यांदा रंग आला होता.

"थँक यू," मी म्हणाले.

नंतर सांगू, असं मनाशी म्हटलं. महिन्याने सरांना जिन्यात एकटं गाठून सांगितलंही. ते म्हणाले, "जाऊ दे गं आता. धावतेय ना ती?" खेळ पुढे बाजारात आला. शेवटी नावांची यादी सरकत जाते तिच्यात माझं नाव आहे. काकांचं नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्याआधी शनिवार आला. सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन. काका टाळ घेऊन बसले होते. बुवा यायच्या आधी त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"झालं का गं?"

मी मान हलवली. हो अशी.

"सगळ्यांदेखत?"

मी परत हलवली.

"बरं झालं," ते म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, आणि असा निवांत चेहरा मी त्यांचा त्याआधी कधी पाहिला नव्हता. मग बारा वर्षं ते याच देवळात टाळ वाजवत होते आणि मी समोर बसत होते. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पेन्सिलही पुन्हा धरली नाही. परवाच्या कार्तिकात गेले. मी झालं म्हणाले होते, तेच खरं धरून गेले.

ते गेल्यापासून सप्ताह बसला की बुवा यायच्या आधी मी अशी चार माणसं जवळ बोलावते आणि सांगते. चिमीच्या धावेत दोष नव्हता. दोष माझा होता. धाव पहिल्या दिवसापासून बरोबर होती.

ते बघा, बुवा आले. आता उभे राहून गजर करतील, तुम्ही हात जोडाल. तेव्हा देवाच्या नावासोबत एकदा, मनातल्या मनात का होईना, त्र्यंबक धामणकर या माणसाची आठवण काढा.